दुसरी पाटी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संगणक दोन ठिकाणी हमखास सापडतो: जडवस्तू संग्रह नोंदवहीत आणि मुख्याध्यापकांच्या काळजीत. नोंदवहीत तो क्रमांकासह चढलेला असतो. बिघडला तर उत्तर द्यावे लागते, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. त्यापेक्षा कपाटात कुलूपबंद राहिलेला बरा, असा हिशेब कोणीही करील. कपाट उघडते ते माहिती भरायची असते तेव्हा. सरल, यू-डायस, पोषण आहाराची आकडेवारी, कुठल्याशा योजनेचा तक्ता जो आजच संध्याकाळपर्यंत हवा असतो. मुलांची माहिती अशी रोज संगणकात जाते, मूल मात्र त्या संगणकापर्यंत पोहोचत नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या पहिली ते चौथीच्या शिक्षकांसाठी ही पुस्तिका आहे, आणि ती तटस्थ नाही हे आरंभीच सांगितलेले बरे. तिसरी-चौथीच्या मुलाच्या हाती संगणक द्यावा, थोडा वेळ द्यावा, आणि तो पाहण्यासाठी नव्हे तर मराठीत लिहिण्यासाठी द्यावा, अशी तिची बाजू आहे. ती का घेतली आणि तिच्यावरचे आक्षेप कितपत खरे आहेत, हे या प्रस्तावनेत मांडायचे आहे.

आपल्याकडे संगणकशिक्षण नेहमी वरच्या इयत्तांकडून खाली झिरपत आले आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने बीबीसी मायक्रो यंत्रे घेऊन 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, तो निवडक माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत. डिसेंबर २००४ मध्ये 'आयसीटी अॅट स्कूल्स' ही योजना आली, तीही माध्यमिक शाळांसाठी. दरम्यान २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी सुरू झाला आणि तालुक्याच्या गावी, बसस्थानकाच्या आसपास, त्याच्या पाट्या दिसू लागल्या. पण तो नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगसाठी सहावीची पायरी ठरवली. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एकदम उडी घेतली आणि २०२६-२७ पासून कृत्रिम बुद्धिमत्ता व संगणकीय विचार हे विषय तिसरीपासून आणण्याचे जाहीर केले. ज्या मुलाला कळफलकावर 'आई' लिहायला कोणी शिकवलेले नाही, त्याच्यासाठी थेट कृत्रिम बुद्धिमत्ता! जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या बांधायच्या राहून गेल्या आहेत आणि आपण गच्चीच्या कठड्याला रंग देत आहोत.

प्राथमिक शाळांकडे कोणी पाहिलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेचे उदाहरण, २०१५ चा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम, आणि त्यानंतर गावोगाव उठलेली 'डिजिटल शाळे'ची लाट हा खरा लोकसहभाग होता. शिक्षकांनी खिशातले पैसे घातले, ग्रामपंचायतींनी निधी दिला, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीहून निघालेली क्यूआर कोडची कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत गेली. या धडपडीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण या यंत्रांनी वर्गात नेमके काय केले? कविता चालीवर ऐकवली, ज्वालामुखी दाखवला, पाढे गाऊन घेतले. मूल बसून राहिले आणि भिंत बोलत राहिली. चांगल्या चित्रफितीचा उपयोग असतोच, तसा तो १९७५ च्या 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून खेड्यांत पोहोचलेल्या दूरचित्रवाणीचाही होता. तिला कोणी संगणकशिक्षण म्हटले नाही, एवढाच मुद्दा. भिंतीवरच्या प्रकाशाला मुलाचा हात लागत नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो. मुलांना शिकवायचे काय त्यात, ती तर आपल्यालाच शिकवतात! घरोघरी स्मार्टफोन आहे, पाच वर्षांचे पोर हवे ते गाणे लावते. याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. 'असर' या वार्षिक पाहणीची २०२३ ची फेरी १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची होती. देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत ती झाली आणि महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा नांदेड होता. सर्व जिल्ह्यांचे मिळून चित्र असे: सुमारे ९० टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्याच मुलांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सलग वाचता येत नाही. पुढच्या वर्षीच्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना गेल्या आठवड्यात तो कशासाठी वापरला असे विचारले, तेव्हा ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांचे नाव घेतले आणि ५७ टक्क्यांनी अभ्यासाशी संबंधित कामाचे. फोन चालवता येणे आणि त्याच्याकडून काही करून घेता येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली आपोआप येते. बोट वर सरकवायला अक्षर लागत नाही.

त्याच २०२३ च्या पाहणीतला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, आणि मुली १९.८ टक्के. घरातले यंत्र वडिलांचे असते, मग भावाचे, आणि कामे आटोपल्यावर उरला वेळ तर बहिणीचे. नव्या तंत्राची पहिली ओळख घरावर सोडली, तर ती या क्रमानेच होणार. शाळेच्या टेबलावरचा संगणक मात्र हजेरीपटाच्या क्रमाने फिरवता येतो.

मुले आपली आपण शिकतात, या म्हणण्याला एक प्रसिद्ध प्रयोगही आधाराला घेतला जातो. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीच्या कालकाजी भागात भिंतीला भोक पाडून संगणक बसवला आणि वस्तीतली मुले कोणी न शिकवता तो हाताळू लागली. पुढे अशी केंद्रे इतरत्रही झाली, आपल्या सिंधुदुर्गातही. प्रयोगातून सिद्ध झाले ते इतकेच, की मुलांना यंत्राची भीती नसते आणि ती एकमेकांकडून भराभर उचलतात. हे मोलाचे आहे आणि या पुस्तिकेतली प्रत्येक कृती दोघांनी मिळून करायची ठेवली आहे, ती त्यामुळेच. पण उत्तराखंडात अल्मोडा परिसरातली अशी केंद्रे नंतर पायल अरोरा या अभ्यासिकेने पाहिली, तेव्हा ती ओस पडलेली होती. शाळेने, शिक्षकाने, गावाने जे आपले मानले नाही, ते भिंतीतच राहिले.

मग शिकवायचे काय? माझे उत्तर एका शब्दाचे आहे: बाराखडी. हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळी मांडणी त्यावर उभी आहे. संगणकाचा कळफलक इंग्रजीचा असतो आणि मराठी ही त्यावर बाहेरून चढवलेली सोय, असा आपला समज आहे. म्हणून मोठी माणसेही 'काय करतोस' हे रोमन अक्षरांत टाइप करतात आणि यंत्राने त्याचे मराठी करावे म्हणून वाट पाहतात. पण १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेला आणि दोन वर्षांनी सुधारलेला इन्स्क्रिप्ट कळफलक मुळातच आपल्या वर्णमालेवर रचलेला आहे, आणि तो आज जवळजवळ प्रत्येक संगणकात फुकट असतो. त्यात स्वर डाव्या हाताखाली आहेत, व्यंजने मुख्यतः उजव्या. मधल्या ओळीत उजवीकडे प, क, त, च, ट या कळा आहेत, आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, त्याच क्रमाने, ब, ग, द, ज, ड. शिफ्ट दाबली की क चा ख होतो, ग चा घ, त चा थ, ब चा भ. म्हणजे पहिलीच्या वर्गात भिंतीवर टांगलेला तक्ताच बोटांखाली आला. डावीकडे तर मराठी शिक्षकाने स्वतः आखावी अशी व्यवस्था आहे: ऱ्हस्व वेलांटी मधल्या ओळीत आणि दीर्घ तिच्या वर, ऱ्हस्व उकार मधल्या ओळीत आणि दीर्घ त्याच्या वर. मात्रा खाली, दोन मात्रा वर. ल आणि ळ एकाच कळीवर. 'पाणी' लिहिताना णी ची वेलांटी कोणती, हा प्रश्न वहीत हाताच्या एका झटक्यात निसटून जातो. इथे बोटाला कळ निवडावी लागते, म्हणून मूल थबकते. शिक्षकाला हवा असतो तो हाच थबकण्याचा क्षण.

आणखी एक बारकावा. वहीत 'कि' लिहिताना मूल वेलांटी आधी काढते आणि क नंतर. जुन्या मराठी टंकयंत्रावरही तसेच होते. इन्स्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने, आणि पडद्यावर ती आपली आपण क च्या आधी जाऊन बसते. जोडाक्षराचेही असेच. 'प्र' साठी प, मग पाय मोडायची कळ, मग र. आपण तोंडाने सांगतो की प चा पाय मोडला आणि त्याला र जोडला, ते मुलाच्या डोळ्यांसमोर तीन पायऱ्यांत घडते. नको असेल तर एका कळीने मागे जाता येते, खाडाखोड न करता. ध्वनी आणि चिन्ह यांचे नाते समजावणारे इतके चांगले साहित्य पेटीत पडून आहे आणि आपण त्यावर पोषण आहाराचे आकडे भरतो आहोत.

तक्त्याची दुसरी बाजूही आहे. बाराखडी हे कोष्टकच आहे: उभ्या बाजूला व्यंजन, आडव्या बाजूला स्वर, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे अक्षर. चौथीतल्या मुलाला रकाने आणि ओळी शिकवायला 'स्प्रेडशीट' हा शब्द उच्चारायची गरज नाही. पावसाच्या नोंदी पुरेत. लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; या भागात पावसाचे मोजमाप हा भूगोलाचा धडा नसून घरातला विषय आहे. प्लास्टिकच्या बाटलीचे पर्जन्यमापक, रोज सकाळी परिपाठानंतर एक नोंद, आठवड्याला एक उभा आलेख. जूनच्या रकान्यात शून्ये वाढत जातात तेव्हा कोष्टक म्हणजे काय ते मुलाला सांगावे लागत नाही.

आता मात्रा किती, याबद्दल. संगणकाने शाळा सुधारते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी तीन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. बडोद्याच्या महानगरपालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका यंत्रावर दोघे, गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांच्या २००७ च्या निबंधात नोंदल्याप्रमाणे गणितातले गुण स्पष्टपणे वाढले, आणि कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातला बराच लाभ ओसरला. लिंडेन यांनीच गुजरातमधल्या ज्ञानशाळांत दुसरा प्रयोग तपासला. तिथे संगणकाचा तास शाळेबाहेरचा, जादाचा होता तेव्हा मुले पुढे गेली. शिक्षिकेच्या तासाच्या जागी तो बसवला तेव्हा ती चक्क मागे पडली. आणि पेरू देशात 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या मोहिमेखाली दिलेल्या यंत्रांचा ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांत अभ्यास झाला, तेव्हा भाषा-गणिताच्या गुणांत काहीच फरक आढळला नाही. त्याच मोहिमेतली यंत्रे २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेतही आली होती. यंत्र वाटणे म्हणजे शिकवणे नव्हे, इतका धडा तर उघडच आहे. त्याहून कामाचा धडा असा की थोडे, नेमके आणि शिक्षकाच्या तासाला धक्का न लावता दिलेले उपयोगी पडते. हे सारे अभ्यास संगणकाच्या मदतीने इतर विषय शिकण्याचे आहेत, संगणक शिकण्याचे नाहीत, हा फरक मान्य करूनच मी ते इथे घेतो. आमची सूचना आठवड्याला दोनदा वीस मिनिटांची आहे, कार्यानुभवाच्या तासिकेत. कोणाला ती फार तुटपुंजी वाटेल. वाटू द्या.

वाचन येत नाही त्याला संगणक कशाला, हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. 'निपुण भारत' २०२१ पासून तिसरीपर्यंत वाचन आणि अंकज्ञान पक्के करण्याच्या मागे आहे. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत तेवढे झाले तरी खूप झाले, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. म्हणूनच पहिली-दुसरीत पडदा नको असे ही पुस्तिका म्हणते. त्या दोन वर्षांसाठी यंत्राशिवायचे खेळ आहेत: एकाने सूचना द्यायच्या, दुसऱ्याने तंतोतंत तेवढेच करायचे, दारापासून हापशापर्यंत किती पावले आणि कुठे वळायचे, उंचीच्या क्रमाने रांग लावायची, पण एका वेळी दोघांनीच एकमेकांशी तुलना करायची. न्यूझीलंडच्या टिम बेल यांनी असे खेळ जगभर नेले. आपल्याकडे एसीएम इंडियाच्या 'सीएसपाठशाला'ने २०१६ पासून ती वाट धरली. तिसरीपासून कळफलक आला की तो वाचनाशी स्पर्धा करत नाही, कारण त्यावर मूल करते ते लेखनच असते. किनवटकडे घरात गोंडी किंवा कोलामी बोलणारे, तांड्यावर गोरमाटी बोलणारे, धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू कानावर पडत वाढलेले मूल शाळेच्या मराठीशी आधीच झुंजत असते. त्याने घरातली दहा नावे, म्हणजे भाकरीचे, विहिरीचे, आजीच्या हाकेचे शब्द, देवनागरीत टाइप करावीत आणि वर्गाने ती वाचावीत. उर्दू माध्यमाच्या शाळेने हेच उर्दूत करावे. उजवीकडून डावीकडे पळणारा ठिपका पाहून मराठी वर्गातली मुले तिकडे डोकावतील, तर डोकावू द्यावीत.

वीज नाही, शिक्षक नाहीत, दप्तर आधीच जड आहे, पडद्याने डोळे बिघडतील: हे आक्षेप एकत्र येतात, म्हणून एकत्रच घेतो. वीजबिल थकले की शाळेची जोडणी तुटते हे खरे आहे. बॅटरी असलेला जुना लॅपटॉप अशा ठिकाणी नव्या डेस्कटॉपपेक्षा बरा. वर्गाला एक यंत्र पुरते, कारण जोडवर्ग घेणारा शिक्षक एका गटाला शिकवताना दुसऱ्याला कामाला लावण्यात आधीच तरबेज असतो. दोघे कळफलकावर, बाकीचे वहीत. ओझ्याबद्दल महाराष्ट्र २०२५ च्या जूनमध्ये बरेच बोलला. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासननिर्णय मागे घ्यावे लागले. तो रोष रास्त होता. म्हणूनच इथे पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, गुणही नाहीत. आणि डोळ्यांची काळजी खरी असेल, तर आठवड्यातल्या चाळीस मिनिटांआधी घरातल्या रोजच्या फोनबद्दल पालकसभेत बोलावे लागेल.

राहिला इंग्रजीचा प्रश्न, आणि त्यात लातूरचा. खासगी इंग्रजी शाळेच्या माहितीपत्रकात 'कॉम्प्युटर' हा शब्द असतो आणि गावातला पालक त्याकडे ओढला जातो. तिथे पुष्कळदा होते काय, तर संगणकाच्या भागांची नावे पाठ, बॅबेजचे नाव पाठ, चित्राला रंग, आणि वर्षाअखेरीस लेखी परीक्षा. पोहण्याची लेखी परीक्षा. जिल्हा परिषद शाळेने या स्पर्धेत त्याच वाटेने उतरायचे ठरवले तर ती हरेल, आणि हरावीच. लातूर पॅटर्नने दहावी-बारावीत आणि वैद्यकीय प्रवेशांत मराठवाड्याचा न्यूनगंड घालवला, हे ऋण मोठे आहे; पण त्याचा सराव-चाचणी-सराव हा गाडा आठ वर्षांच्या मुलाच्या कळफलकाला जुंपला, तर चार पर्यायांतून एक निवडणारी मुले तयार होतील, लिहिणारी नव्हेत. लातूरकडून एकच गोष्ट घ्यावी: ठरलेला तास न चुकवणे. मराठीत आधी शिकलेल्या मुलाला पुढे इंग्रजी अक्षरे लावायला वेळ लागत नाही; त्याला फाइल जतन करणे, मागे जाणे, पुसणे, शोधणे हे सगळे आलेले असते.

या दोन जिल्ह्यांचे वर्ष शासकीय वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, याची मात्र प्रत्येक शाळेने आठवण ठेवावी. मुखेड, कंधार, जळकोटकडची ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. काही मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात, काही जातात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. म्हणून यातले पहिले बारा पाठ जून ते दिवाळीत संपतील असे बेतले आहेत, आणि परतलेल्या मुलाला स्वतःची फाइल जशीच्या तशी सापडेल अशी ती मुलाच्या नावाने ठेवायची आहे. ज्या शाळेतून मुले जातात, तिथल्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती आहे. या जूनमध्ये कपाट उघडा, कळफलक मराठीवर आणा आणि सर्वांत आधी त्यांचीच पाळी लावा, जी दिवाळीनंतर वर्गात नसतील. पहिल्या दिवशी मुलाला फक्त स्वतःचे नाव लिहू द्या. वेलांटी चुकली तर त्या दिवशी दुरुस्त करू नका.